विंटर टायर आणि आईची झोप

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. मी पन्नाशी ओलांडली, धाकट्याचं लग्न झालं, तो एडिनबराला हॉस्पिटलमध्ये लागला, आणि डिसेंबरात त्याला मुलगी झाली. त्यातलं काहीही मी तुम्हाला लिहिलं नाही. आज लिहायला बसले आहे ती टायरविषयी. इतर कुणाच्या बाबांना याचं नवल वाटलं असतं, तुम्हाला वाटणार नाही. आम्ही शाळेतून आल्यावर मार्कांच्या आधी सायकलच्या हवेची चौकशी करणारे तुम्ही.

झालं असं की तुमच्या या नातीचं बारसं ठरलं. बाराव्या दिवशी करायचं ते चांगलं सव्वा महिन्यांनी, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, साडेअकराच्या मुहूर्तावर. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, म्हणजे मी. माझ्याशिवाय बारसं अडणार होतं, त्यामुळे मी आधीच चार बोटं उंच चालत होते. प्रश्न आईचा होता. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत. पण गुडघ्यामुळे ट्रेनचे जिने तिला नकोत, आणि विमानात डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊ देतील की नाही याची तिला शंका. राहिली माझी गाडी. आणि माझ्या गाडीत आईचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही होतात तोवर ते कधी झालंच नव्हतं.

तुम्ही गाडी चालवत असताना आई कशी झोपायची, आठवतं? कॉव्हेंट्रीचा रिंग रोड संपायच्या आत तिची मान खिडकीला टेकलेली असायची. ब्लॅकपूल असो, वेल्स असो, तिने या देशातला एकही मोटरवे डोळे उघडे ठेवून पाहिला नाही. तुम्ही आम्हाला मागच्या सीटवर डोळे मिटायला लावायचात आणि रस्ता ओळखायला सांगायचात. हा काँक्रीटचा, कारण टायर ठराविक अंतराने टक् टक् करतात. हा जुना डांबरी, खरखरीत. आणि आता हा नवा, बघा कसा सायीसारखा. मी नेहमी चुकायचे, धाकटा अंदाजपंचे बरोबर ओळखायचा, आणि आई पुढच्या सीटवर या सगळ्या गोंधळात घोरत असायची.

तुम्ही गेल्यावर ती माझ्या शेजारी बसायला लागली ती खिडकीवरचं हँडल धरून. हातांची पकड अशी की बोटांची पेरं पांढरी पडतात. दवाखान्यात जाताना तशीच, मंदिरात जाताना तशीच, लेस्टरला लग्नाला जाताना तर परत येईपर्यंत तिचा खांदा धरला होता. एकदा मी चिडून विचारलं, "आई, पंचवीस वर्षं चालवतेय मी. एकदा तरी ठोकलीय का गाडी? तू जरा डोळा का लावत नाहीस?" तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुझे बाबा ऐकायचे गं गाडीकडे. तू ऐकत नाहीस. दोघींपैकी एकीने तरी जागं राहायला नको का?" बाबा, मला ते फार लागलं. तिच्या लेखी मी कौन्सिलच्या एका अख्ख्या खात्याची प्रमुख असेन, पण जिच्या भरवशावर डोळे मिटावेत अशी नव्हते. त्यामुळे एडिनबराला जायचं ठरलं तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट धरली. नाव तर मी सांगणारच होते. या प्रवासात आईला माझ्या गाडीत झोप लागली पाहिजे.

तयारी मी तुमच्या पद्धतीने केली होती. या देशात विंटर टायर कोण घालतं? शेजारचे हसतात. "बर्फ दोन दिवस पडतो आणि तुम्ही चार महिने चाकं बदलता," म्हणतात. मी त्यांना तुमचंच पाठ केलेलं सांगते, की प्रश्न बर्फाचा नाहीच, थंडीचा आहे. पारा सातच्या खाली गेला की साधा रबर कडक होतो आणि हा मऊ राहतो. त्याच्या बदल्यात मोटरवेवर थोडी जास्त गुणगुण ऐकावी लागते आणि स्टिअरिंग किंचित सैल वाटतं, तर एवढं सोसावं. हे सांगताना माझा आवाजही तुमच्यासारखा होतो असं आई म्हणते. चाकं मी स्वतः बदलते. ब्रिस्टलला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला भेट म्हणून काय दिलं होतंत? मैत्रिणींना कुणाला घड्याळ मिळालं, कुणाला बांगड्या. माझ्या दारात तुम्ही चार विंटर टायर उतरवलेत, लोखंडी रिमवर चढवलेले, आणि ऊन लागू नये म्हणून एकेक आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. खालच्या मजल्यावरची बाई बघतच राहिली. मी लाजेने अर्धी झाले होते. त्या साड्यांपैकी एक अजून आहे माझ्याकडे, उन्हाळ्यात तिच्यात माझ्या विंटर टायरांमधला एक राहतो.

तर गेल्या वर्षी मी नवे विंटर टायर घेतले. ते गॅरेजवाल्याने बसवून दिले. वसंतात मी काढले, तुमच्यासारखे आतल्या बाजूला खडूने एक, दोन, तीन, चार असे मराठी आकडे घातले, आणि या नोव्हेंबरात परत चढवले. चढवताना तुमचा नियम पाळला. पुढचं डावं मागे उजवीकडे, मागचं डावं पुढे उजवीकडे, म्हणजे झीज सारखी होते. हा धडा तुम्ही मला सतराव्या वर्षी आपल्या दारात दिला होता. मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. तुम्ही पुढे आणखी काहीतरी सांगत होतात आणि मी "हो हो, कळलं" म्हणून हात पुसत पळाले होते.

शुक्रवारी सकाळी निघालो. आईला एवढा प्रवास एका दमात झेपणार नाही म्हणून पेनरिथजवळच्या एका शेतावरच्या बी-अँड-बीमध्ये मुक्काम ठरवला होता. आई पुढे, लाडवांचा डबा तिच्या पायाशी, हात हँडलवर. एम-सिक्स मोटरवेला लागलो, ताशी साठ मैल गाठले आणि गाडी गुणगुणायला लागली. गावातल्या गावात चालवताना हे कधी कळलं नव्हतं. स्टॅफर्ड गेलं, गुणगुण वाढली. स्टोक गेलं, आता ती चक्क घुमायला लागली, पिठाच्या गिरणीसारखी. मी काय केलं असेन? रेडिओ मोठा केला.

हसू नका. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात, कारण तुम्ही ते म्हणालाच आहात. मी गाडी शिकत होते, पुढच्या चाकातून कुईकुई येत होती आणि मी गाणं मोठं केलं. तुम्ही मला गाडी कडेला घ्यायला लावलीत. तुम्ही ओरडत नसायचात, ते जास्त वाईट असायचं. "आवाज आला की रेडिओ बंद करायचा असतो," एवढंच म्हणालात, आणि मग आपण दोघं दहा मिनिटं काचा खाली करून मुकाट्याने फिरलो. तेव्हा मला वाटलं होतं, बाकीच्यांचे बाबा असं काही करत नाहीत.

या वेळी रेडिओ आईने बंद केला. हँडलवरचा हात सोडून, मुद्दाम वाकून. "हा आवाज कसला?" म्हणाली.

"विंटर टायर आहेत आई. मोटरवेवर ते आवाज करतातच."

"यांचे करत नव्हते."

"ते टायर वेगळे होते गं."

"एवढा नाही करत कुठलाच. हा वेगळा आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "बाण बघितलास का?"

"कसला बाण?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत सतरा वर्षांची झाले. "टायरवर बाण असतो. चाक ज्या बाजूला फिरतं त्या बाजूला. ज्यांना बाण असतो त्यांची बाजू बदलायची नाही. डावं ते डावं, उजवं ते उजवं. नाहीतर उलटं पाणी कापतात आणि बोंबलतात. तू चाकं तिरकी बदललीस ना?"

बाबा, मी जवळजवळ लेन सोडली. ही माझी आई, जिने आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडलं नाही. संध्याकाळी तुम्ही काळे हात साखर आणि वॉशिंग पावडरने चोळत स्वयंपाकघरात उभे राहायचात आणि दिवसभरात वर्कशॉपमध्ये आलेला प्रत्येक टायर तिला सांगायचात, आणि ती पोळ्या लाटत नुसतं "हं" म्हणायची. आम्हाला वाटायचं बिचारी सोसतेय. सगळं ऐकत होती! मी न ऐकता पळाले तो धड्याचा उरलेला अर्धा भाग तिच्याकडे व्यवस्थित जपलेला होता, इतकी वर्षं, आणि कुणी विचारला नाही म्हणून तिने सांगितला नव्हता.

प्रेस्टनच्या पुढच्या सर्व्हिसेसला, मोटरवेवरच्या चहा-पेट्रोलच्या थांब्यावर, थांबले आणि वाकून बघितलं. चारही टायरांच्या अंगावर बोटाएवढा ठळक बाण, आणि चारही बाण मागे तोंड करून. एक चुकला असता तर समजण्यासारखं होतं. मी चारही चुकवले होते, अगदी नियमाने. उठले ती हसतच उठले, आणि आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिचा चष्मा डब्यावर पडला. पण हसून झाल्यावर तिने परत हँडल धरलं, आणि पुढचा रस्ता सोपा नव्हता. शॅपच्या चढावर बर्फाचा चिखल होता. मी पन्नासच्या वर गेले नाही, डाव्या लेनमध्ये लॉऱ्यांच्या मागे मागे. रेडिओ बंद. टायर बोंबलत होते आणि आम्ही दोघी ते ऐकत होतो. आईच्या पेरांकडे मी बघितलं नाही.

तीनच्या सुमाराला बी-अँड-बीला पोचलो. मालक साठीचा शेतकरी, गालांना लाली, बोलणं इतकं त्या भागातलं, कंब्रियन, की मला निम्मंच कळलं. मी विचारलं, तुमच्याकडे ट्रॉली जॅक आहे का? तो म्हणाला, "ट्रॅक्टर उचलायचा की गाडी?" जॅक आणला, सोबत दोन स्टँड आणले, आणि म्हणाला, "मीच करून देतो, लव्ह." तेवढ्यात आई शाल गुंडाळून दारात आली. "नो थँक्यू," ती त्याला म्हणाली. "माय डॉटर विल डू." तिचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, लागेल तेवढंच काढते. मी पाना हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

मग काय विचारता! अंगणातल्या सिमेंटवर मी गुडघ्यांवर, आई खुर्चीत, तिच्या मांडीवर लाडवांच्या डब्याचं झाकण, आणि झाकणात नट. एका चाकाचे चार, दुसऱ्याचे चार. आई मोजून घेते, मोजून देते. मधेच म्हणते, "नट तिरके आवळ. समोरासमोरचे." मी म्हणते, "तेवढं येतं मला." ती म्हणते, "चाकं बदलायलाही येतच होतं तुला." आम्ही कोणता आकडा कुठे जाणार ते ओरडून ठरवतोय, तो शेतकरी आणि त्याची बायको चहाचे मग घेऊन सामना बघावा तसे उभे आहेत, आणि माझी बोटं गारठून लाल झालीत. पहिलं चाक बसलं तेव्हा मी बाणावर बोट ठेवून आईला दाखवलं. दुसरं बसलं तेव्हा तिने विचारलं नाही. चौथं बसलं तेव्हा ती त्या बाईला लाडू कसा करतात ते सांगत होती आणि माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळं झालं. झाकण धुऊन परत डब्याला लागलं, पण वरच्या थरातल्या लाडवांना ग्रीसचा किंचित वास आला असेल तर मला माहीत नाही. कुणी तक्रार केली नाही.

सकाळी पावणेनऊला निघालो. आधी सगळे नट पुन्हा एकदा आवळून बघितले, तुम्ही करायचात तसे. मोटरवेला लागलो. साठ. पासष्ट. गुणगुण होती, ती असतेच, पण आता तिच्यात कुरकुर नव्हती. एकसारखा, खालच्या पट्टीतला सूर, त्यावर रस्त्याचं ओलं फुत्कारणं. कार्लाइलच्या पुढे नवा डांबरी आला आणि आवाज एकदम तळाला गेला, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "सायीसारखा!" आई काही बोलली नाही. मला वाटलं, रागावली की काय. वळून बघितलं तर तिचा हात हँडलवरून खाली आला होता. मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. मान खिडकीला टेकली होती आणि तोंड जरासं उघडं. स्कॉटलंडची पाटी आली आणि गेली. ती घोरत होती, बाबा. अगदी तस्सं.

बारशाला आम्हाला उशीर झाला. साडेअकराचा मुहूर्त टळून पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मी बेल वाजवली. धाकटा दारातच होता, झब्ब्यात, घामाघूम. "ताई, अगं किती फोन केला! मुहूर्त गेला ना! रस्ता कसं होता?" त्याचं मराठी तुमच्या काळात होतं तिथेच आहे. मी म्हटलं, "रोडवर्क्स." सगळ्यांनी माना डोलावल्या. या देशात त्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. आई ताजीतवानी होऊन, केस सारखे करत आत गेली आणि म्हणाली, "मुहूर्ताचं काय एवढं, बाळ जागं आहे ना?"

बाळ जागं होतं. मोझेस बास्केटला, म्हणजे बाळाच्या वेताच्या टोपलीला, झेंडूच्या माळा बांधून त्याचा पाळणा केला होता. मी वाकले. नाव सांगताना बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात हे धाकट्याने त्याच्या सासूबाईंना आधीच समजावून ठेवलं होतं. त्या बाई एडिनबराच्या, उंच, पोहणाऱ्या. त्यांनी विचारलं, "रिअली? हाऊ हार्ड?" आणि उत्तराची वाट न बघता असा एक दिला की मी नाव सांगायच्या ऐवजी पाळण्यातच गेले असते. घर हसून दणाणलं. बाळाने माझ्याकडे एकटक बघितलं. मी तिच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं, आणि तिने डोळे मोठे करून असं ऐकलं की मला वाटलं, ही तुमच्यावर गेली. तुमचा फोटो धाकट्याने शेल्फवर ठेवला होता, त्याला आईने लाडू ठेवला. वरच्या थरातला.

हे पत्र लिहून झालं की मी त्याचं काय करणार, मला ठाऊक नाही. पाकिटात घालून वर काय लिहायचं? ठेवीन कुठेतरी. पण ज्यासाठी लिहायला बसले ते सांगितल्याशिवाय उठवत नाही, आणि तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगताही येत नाही. आईला तर नाहीच.

रोडवर्क्स कुठेच नव्हते. ॲबिंग्टनला डावीकडे बिगरची पाटी आली, एडिनबरासाठी तिथेच वळायचं असतं, मला चांगलं माहीत होतं. पण पुढचा तो रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दर दहा मिनिटांनी एक गाव, ब्रेक, गिअर. मोटरवे सोडला असता तर ती जागी झाली असती. मी फोनचा आवाज बंद केला, ते वळण जाऊ दिलं आणि सरळ ग्लासगोच्या बाजूने लांबचा वळसा घालून गेले. तिकडे बाळ, पाहुणे, मुहूर्त, सगळं थांबलं होतं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं. आई झोपली होती, आणि गाडी मी चालवत होते.